स्वराची नाममुद्रा : रूथ ब्राउन यांची कारकीर्द आणि गायकाच्या कर्तृत्वाचा प्रश्न

मौखिक परंपरेचा तौलनिक विचार करताना एक अडचण वारंवार उभी राहते. लिहिलेल्या शब्दांना आपण संहिता मानतो आणि गायलेल्या शब्दांना त्या संहितेचा प्रयोग समजतो. लिहिणारा तो कर्ता आणि गाणारा तो केवळ वाहक, अशी विभागणी त्यामागे गृहीत धरलेली असते. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणाचा उद्योग उभा राहिला, तेव्हा ही विभागणी समीक्षेपुरती मर्यादित राहिली नाही. ती कायद्यात आणि हिशेबाच्या वह्यांत शिरली. नाव कोणाचे राहावयाचे आणि पैसा कोणाला मिळावयाचा, हे तिच्यावरून ठरू लागले.

या दृष्टीने रूथ ब्राउन (१९२८-२००६) यांची कारकीर्द अभ्यासण्यासारखी आहे. रिदम अँड ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकाराच्या त्या आद्य गायिकांपैकी एक. आपल्या प्रसिद्ध गीतांचे शब्द त्यांनी लिहिले नाहीत, चालीही बांधल्या नाहीत. तथापि त्या गीतांना जे रूप लाभले ते त्यांच्या गळ्यातून लाभले. त्या रूपाचा मालक कोण, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात जवळजवळ चाळीस वर्षे अनुत्तरित राहिला. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा क्रम पाहून या प्रश्नाची मांडणी करावयाची आहे.

१. संज्ञेचा इतिहास

‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव संगीतकारांनी दिलेले नाही. ते व्यापाराच्या गरजेतून आले. १९२० च्या दशकापासून अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्या कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी काढलेल्या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे एका वंशाच्या तबकड्या, असे म्हणत. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने १९४२ मध्ये अशा तबकड्यांची लोकप्रियता-सूची ‘हार्लेम हिट परेड’ या नावाने सुरू केली आणि १९४५ पासून तिच्यासाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ हेच नाव वापरले. जून १९४९ मध्ये ते बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ असे करण्यात आले. हे नाव सुचविणारे जेरी वेक्सलर तेव्हा या साप्ताहिकात वार्ताहर होते. १९५३ मध्ये ते अटलांटिक या कंपनीत भागीदार म्हणून दाखल झाले.

नाव बदलले तरी सूची वेगळीच राहिली. एखादे गीत कोणत्या सूचीत जाईल, हे त्याच्या घडणीइतकेच गायकाच्या आणि श्रोत्यांच्या वर्णावर अवलंबून होते. वाङ्मयप्रकारांची नावे निरपेक्ष नसतात, हे आपण जाणतो. येथे त्याचा एक ठळक दाखला मिळतो.

संगीताच्या अंगाने पाहता दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे वाद्यवृंद पोसणे परवडेनासे झाले आणि पाच-सात वादकांचे संच पुढे आले. सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम यांचा भरणा, चार मात्रांच्या चक्रात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आघात, ब्लूजची बारा आवर्तनांची चौकट आणि चर्चमधील समूहगायनाचा आवेग, अशा घटकांतून हा प्रकार सिद्ध झाला. ब्लूजच्या परंपरागत कडव्यात पहिली ओळ पुन्हा म्हटली जाते आणि तिसरी ओळ तिचे उत्तर देते. शब्द तोच राहतो. दुसऱ्या खेपेस तो कसा म्हटला जातो, यावर अर्थ वाढतो. या प्रकारात गायनाला अर्थनिर्मितीचे किती मोठे काम करावे लागते, याची कल्पना एवढ्यावरून येईल.

२. पोर्ट्समथ ते न्यूयॉर्क

रूथ ॲल्स्टन वेस्टन यांचा जन्म १२ जानेवारी १९२८ रोजी व्हर्जिनिया राज्यातील पोर्ट्समथ या बंदराच्या गावी झाला. वडील गोदीत कामगार होते आणि स्थानिक चर्चमधील गायकवृंदाचे नेतृत्व करीत. उन्हाळ्याच्या सुटीत भावंडांना नॉर्थ कॅरोलायनामध्ये आजीच्या शेतावर कापूस वेचावा लागे. घरात देवाचे गाणे मान्य होते, बाहेरचे नव्हते. तरीही सारा वॉन, बिली हॉलिडे, डायना वॉशिंग्टन यांच्या गायनाने ही मुलगी भारावली. १९४५ मध्ये जिमी ब्राउन या ट्रंपेटवादकाबरोबर तिने घर सोडले आणि क्लबांतून गाण्यास आरंभ केला. ब्राउन हे आडनाव तेथून आले.

पुढे लकी मिलिंडर यांच्या वाद्यवृंदात त्यांना काम मिळाले; परंतु महिन्याभरातच त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्या वॉशिंग्टन शहरात निराधार अवस्थेत उरल्या. तेथे ब्लँच कॅलोवे यांनी त्यांना आपल्या क्रिस्टल कॅव्हर्न्स या क्लबात गाण्याची संधी दिली आणि त्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. ब्लँच या स्वतः वाद्यवृंद चालविलेल्या गायिका आणि प्रसिद्ध गायक कॅब कॅलोवे यांच्या भगिनी. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरील जॅझ-निवेदक विलिस कॉनोव्हर यांनी हे गाणे ऐकून अटलांटिक या नव्या कंपनीकडे शिफारस केली. वॉशिंग्टनमधील तुर्की राजदूतांचे पुत्र अहमत एर्तेगुन आणि हर्ब अब्रॅमसन यांनी ही कंपनी १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन केली होती.

१९४८ मध्ये न्यूयॉर्ककडे जात असता पेनसिल्व्हेनियातील चेस्टरजवळ मोटारीला अपघात झाला. दोन्ही पायांना गंभीर दुखापत होऊन ब्राउन यांना कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले. कंपनीचा करार त्यांनी रुग्णशय्येवरच केला. एर्तेगुन भेटीस आले तेव्हा त्यांनी स्वरलिपी वाचण्यास शिकविणारे पुस्तक भेट आणले होते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. या प्रसंगाची नोंद घ्यावयास हवी. ज्या गायिकेची सारी विद्या कानाने आलेली, तिला व्यवसायाच्या उंबरठ्यावर सर्वप्रथम लिखित संगीताचे पुस्तक मिळाले. पुढील सारा संघर्ष या दोन विद्यांमधील अंतराशी निगडित आहे.

३. आवाजाने घडविलेली संहिता

१९४९ मध्ये ‘सो लाँग’ हे संथ लयीचे गीत लोकप्रिय झाले. ब्राउन यांचा स्वतःचा ओढा अशा भावगीतांकडे होता. १९५० मध्ये रूडी टूम्ब्स यांचे ‘टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’ हे जलद लयीचे गीत त्यांनी गायले आणि ते रिदम अँड ब्लूज सूचीत ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यानंतर १९५२ मध्ये ‘फाइव्ह-टेन-फिफ्टीन अवर्स’, १९५३ मध्ये ‘ममा, ही ट्रीट्स युअर डॉटर मीन’, १९५४ मध्ये ‘ओ व्हॉट अ ड्रीम’ आणि ‘माम्बो बेबी’ ही गीतेही प्रथम क्रमांकावर पोहोचली. नव्या कंपनीचा पाया या यशाने घातला गेला. बेसबॉलपटू बेब रूथ यांच्या नावाशी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमचे जे बिरुद जोडलेले होते, तेच लोक आता श्लेषाने अटलांटिकला लावू लागले : रूथने बांधलेले घर.

या गीतांची शब्दकळा साधी आहे. प्रियकराची ओढ, त्याचा दुष्टावा, आईजवळ केलेली तक्रार, एवढेच विषय. छापील कागदावर ती वाचल्यास त्यांत फारसे काही हाती लागत नाही. परंतु ऐकताना प्रथम जाणवतो तो शब्दाच्या अखेरीस एकाएकी चिरकून वर जाणारा स्वर. हुंदका आणि खट्याळपणा यांच्या सीमेवरचा हा उद्गार ब्राउन यांची ओळख ठरला. ‘ममा’ या गीतातील मुलगी आईकडे गाऱ्हाणे सांगत आहे. परंतु त्या चिरकण्यामुळे गाऱ्हाण्यात एक प्रकारची ताठ मान येते. ती केवळ पीडित राहत नाही, पीडेची साक्ष देणारी होते. ही अर्थच्छटा शब्दांत नाही. लिटल रिचर्ड यांनी आपल्या गायनातील अशा लकबीचे ऋण ब्राउन यांच्याकडे असल्याचे पुढे मान्य केले. रॉक अँड रोलच्या घडणीत या एका स्वरविशेषाचा वाटा किती, हे यावरून लक्षात यावे.

श्रोते मात्र विभागलेले होते. दक्षिणेतील राज्यांत दौरे करताना सभागृहाच्या मध्यभागी दोर बांधून गोऱ्या व काळ्या श्रोत्यांना वेगळे बसविले जाई, किंवा एका वर्णाला वरचा सज्जा दिला जाई. गाणाऱ्यांना मुक्कामासाठी हॉटेल आणि जेवणासाठी खानावळ मिळणे दुरापास्त असे. एकच गीत दोराच्या दोन्ही बाजूंना ऐकू जात होते. पण त्याचा बाजार एक नव्हता.

४. अनुकरणाचा कायदा

कव्हर आवृत्तीची प्रथा येथे विचारात घ्यावी लागते. कृष्णवर्णीय गायकाचे गीत गाजू लागले की मोठ्या कंपन्या तेच गीत गोऱ्या गायिकेकडून गाऊन घेत आणि ते सर्वसाधारण सूचीत वर जाई. ‘ओ व्हॉट अ ड्रीम’ १९५४ मध्येच पॅटी पेज यांनी गायले. ‘माम्बो बेबी’ जॉर्जिया गिब्ज यांनी. ‘ममा’ हे ब्राउन यांचे गाजलेले गीत सर्वसाधारण सूचीत २३ व्या क्रमांकापर्यंतच चढू शकले होते.

गीत पुन्हा गाणे हा स्वतः अपराध नव्हे. मौखिक परंपरा पुनर्गायनावरच जगते. प्रश्न कायद्याच्या रचनेचा होता. अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार गीतरचना, म्हणजे शब्द आणि चाल, ही संरक्षित कृती होती. एकदा ती ध्वनिमुद्रित झाली की दर प्रतीमागे २ सेंट इतकी ठरावीक रक्कम हक्कधारकास देऊन कोणीही ती पुन्हा मुद्रित करू शके. रक्कम रचनाकार आणि प्रकाशक यांना मिळे. ज्या गायिकेच्या आविष्कारामुळे ते गीत अनुकरणीय ठरले, तिला काहीही मिळत नसे. १९५० मध्ये सुप्रीम रेकॉर्ड्स विरुद्ध डेका या खटल्यात न्यायालयाने एखाद्या गीताची विशिष्ट मांडणी ही स्वतंत्र मालमत्ता मानण्यास नकार दिला. १९५५ मध्ये अटलांटिकच्याच गायिका लाव्हर्न बेकर यांनी आपल्या गीताची हुबेहूब नक्कल झाल्याची तक्रार काँग्रेस-सदस्य चार्ल्स डिग्ज यांच्याकडे लेखी केली. तिच्यातून कायदा बदलला नाही.

ध्वनिमुद्रणाला संघीय संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही त्या दिवसानंतरच्या मुद्रणांपुरते. सामान्य रेडिओवर तबकडी वाजली तर गायकाला मोबदला देण्याची तरतूद त्यातही नव्हती. थोडक्यात, कागदावर उतरविता येईल तेवढेच कर्तृत्व, ही कायद्याची धारणा होती. ब्राउन यांचे सारे कर्तृत्व नेमके कागदावर न उतरणारे होते.

५. हिशेब

गायकाला कंपनीकडून करारानुसार स्वामित्वधन मिळावयाचे. परंतु ध्वनिमुद्रणाचा खर्च, म्हणजे वादकांचे मानधन, संगीत-संयोजन, स्टुडिओ, हे सारे गायकाच्या खात्यावर आगाऊ उचल म्हणून लिहिले जाई आणि स्वामित्वधनातून वळते केले जाई. गीत चालले तर खर्च वसूल; न चालले तर कर्ज शिल्लक. पुढील गीताची कमाई मागील गीताच्या कर्जात जिरे. हिशेब कंपनीच्या वहीत आणि वही कंपनीच्या कपाटात. ही पद्धत एकट्या अटलांटिकची नव्हती. त्या काळच्या व्यवसायाची ती सर्वमान्य रीत होती. अनेक लहान कंपन्यांच्या तुलनेत अटलांटिकचे वर्तन बरेच बरे मानले जाई, हेही नमूद केले पाहिजे. म्हणूनच हा प्रश्न एखाद्या व्यक्तीच्या दुष्टपणाचा नसून रचनेचा आहे.

१९५७ मध्ये ‘लकी लिप्स’ आणि १९५८ मध्ये ‘धिस लिटल गर्ल्स गॉन रॉकिन’ या गीतांनी त्यांना तरुण श्रोत्यांपर्यंत नेले. परंतु अभिरुची बदलत होती. १९६१ मध्ये त्या अटलांटिकमधून बाहेर पडल्या. १९६० च्या दशकात लाँग आयलंड येथे दोन मुलांना वाढविताना त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले, शाळेची बस चालविली. अटलांटिक १९६७ मध्ये वॉर्नर-सेव्हन आर्ट्स या मोठ्या समूहाला विकली गेली. जुनी मुद्रणे मालमत्तेच्या यादीत नव्या मालकाकडे गेली. ती पुनःपुन्हा बाजारात येत राहिली. त्यांची गायिका मात्र कंपनीच्या हिशेबात देणेकरीच होती.

६. पुनरागमन आणि लढा

१९७० च्या दशकाच्या मध्यास विनोदी अभिनेते रेड फॉक्स यांच्या साहाय्याने ब्राउन पुन्हा रंगमंचाकडे वळल्या. १९८० च्या दशकात हॉवेल बेगल या वॉशिंग्टनमधील वकिलांची भेट झाली. ते लहानपणापासूनचे चाहते. या तबकड्यांच्या विक्रीतून गायिकेला काहीच मिळत नाही, हे ऐकून त्यांनी जुने करार आणि हिशेब तपासण्यास घेतले. प्रकरण वृत्तपत्रांत आणि काँग्रेसच्या सदस्यांपर्यंत पोहोचले. मे १९८८ मध्ये अटलांटिकच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाचा सोहळा न्यूयॉर्क येथे व्हावयाचा होता. त्या सुमारास कंपनीने ब्राउन आणि त्यांच्या काळातील इतर ३५ कलावंतांच्या नावावरील जुनी कर्जे माफ करण्याचे आणि मागील २० वर्षांचे स्वामित्वधन देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी रिदम अँड ब्लूज फाउंडेशन ही संस्था अस्तित्वात आली. तिला आरंभीचा निधी अटलांटिकने पुरविला. वृद्ध कलावंतांना औषधोपचारासाठी आणि निर्वाहासाठी साहाय्य देणे हे तिचे एक मुख्य कार्य ठरले.

१९८८ मध्येच जॉन वॉटर्स यांच्या ‘हेअरस्प्रे’ या चित्रपटात त्यांनी मोटरमाउथ मेबेल ही रेडिओ-निवेदिकेची भूमिका केली. १९६० च्या दशकारंभी बाल्टिमोरमधील दूरचित्रवाणीच्या नृत्य-कार्यक्रमात वर्णभेद कसा पाळला जाई, हा त्या चित्रपटाचा विषय. जो दोर त्यांनी सभागृहांत पाहिला होता, त्याचीच ही कथा होती. १९८९ मध्ये ‘ब्लॅक अँड ब्लू’ या ब्रॉडवेवरील संगीतिकेसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. ‘ब्लूज ऑन ब्रॉडवे’ या संग्रहासाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १९९६ मध्ये ‘मिस रिदम’ हे आत्मचरित्र अँड्र्यू यूल यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झाले. १७ नोव्हेंबर २००६ रोजी नेवाडा राज्यात त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर ग्रॅमी जीवनगौरव देण्यात आला, आणि १९७२ पूर्वीच्या मुद्रणांना डिजिटल प्रसारणातून मोबदला देणारी तरतूद अमेरिकेत २०१८ मध्ये झाली. या तरतुदीचा लाभ पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

७. मराठी अभ्यासकापुढील प्रश्न

मराठी समीक्षेने आफ्रिकी-अमेरिकी साहित्याची दखल पूर्वीच घेतली आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तेथील चळवळीवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकी निग्रो साहित्य व संस्कृती मराठी वाचकांपुढे विस्ताराने मांडली. मात्र आपली तुलना मुख्यत्वे कविता, कादंबरी आणि आत्मकथन या लिखित प्रकारांभोवती फिरत राहिली. ध्वनिमुद्रित गीत हे त्या साहित्याचे पार्श्वसंगीत मानले गेले, स्वतंत्र संहिता नव्हे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक उत्तर फार जुने आहे : नाममुद्रा. अभंगाच्या अखेरच्या चरणात संतकवी आपले नाव गुंफतो. शाहीरही तसेच करतो. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या लोककवींनीही ही रीत चालविली. गीत कोणाच्याही मुखी गेले तरी कर्त्याचे नाव त्याच्याबरोबर प्रवास करते. मौखिक समाजाने कायद्याशिवाय निर्माण केलेली ही स्वामित्वाची खूण होय. परंतु ती रचनाकाराची खूण आहे. लावणीच्या शेवटी शाहिराचे नाव येते. ती बैठकीत किंवा फडावर उभी करणाऱ्या स्त्रीचे येत नाही. तिची अदा, तिने एका शब्दावर घेतलेला ठहराव, हे सारे तिच्याबरोबर संपते किंवा दुसरीच्या गळ्यात अनामिकपणे उतरते. १९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत असत. तबकडी परदेशी कारखान्यात घडावयाची असल्याने ओळख पटविण्याची ती व्यावहारिक सोय होती, तथापि गाणारीचे नाव गाण्याच्या आत नोंदले जाण्याचा तो दुर्मीळ प्रसंगही होता.

स्वामित्वधनाचा वादही आपल्याला अपरिचित नाही. १९६० च्या दशकारंभी पार्श्वगायकांना स्वामित्वधन मिळावे, असा आग्रह लता मंगेशकर यांनी धरला. त्यावरून महंमद रफी यांच्याशी मतभेद होऊन काही काळ दोघांचे युगुलगायन थांबले. भारतीय कायद्याने प्रयोगकर्त्यांचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीत मान्य केले आणि मुद्रणाच्या व्यापारी वापरातून गायकाला स्वामित्वधन मिळण्याची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीत केली. दोन देशांतील परिस्थिती सारखी नाही. वर्णभेदाचा दोर आणि चित्रपटसृष्टीतील मानधनाचा वाद यांची बरोबरी करणे चुकीचे ठरेल. तरी दोन्हीकडे कायद्याला एकच गोष्ट शिकण्यास अर्धशतक लागले : गाणे ही देखील रचना आहे.

ब्राउन यांचा चिरकणारा स्वर ही त्यांची नाममुद्रा होती. ती शब्दांत गुंफलेली नसल्यामुळे कोणालाही उचलता आली, आणि उचलणाऱ्याने नाव घेतलेच पाहिजे, असे बंधन नव्हते. आपल्या ग्रंथसंग्रहांत जात्यावरच्या ओव्या आहेत, लावण्या आहेत, जलशांतील पदे आहेत. त्यांच्याखाली संपादकाचे नाव असते, कधी रचनाकाराचे असते. ज्या कंठांतून त्या आपल्यापर्यंत आल्या त्यांची नावे किती ठिकाणी नोंदली आहेत, याची मोजदाद आपणच करावयाची आहे, आणि नव्या संकलनांत तो रकाना रिकामा राहू नये, हे पाहणेही आपल्याच हाती आहे.